अननस गेल्यावर

अननस बोटीत बसून रॉटरडॅमला गेला.
मागे राहिलं ते आमचं:
कोस्टा रिकाच्या उत्तरेला, पीतालच्या उतारावर
करड्या-हिरव्या काटेरी पानांचा खच,
जाळायला ओला, पुरायला फार.

पाऊस पडला की तो कुजतो
आणि कुजण्यातून माशी उठते.
घरात घोंघावते ती नव्हे; ही रक्त पिते.
मग बाबांच्या गायी चरत नाहीत,
डोक्याला डोकं लावून गोल करतात,
पाय आपटत उभ्या राहतात,
आणि धारेला बसलं की बादली
निम्म्यावरच थांबते.
कुंपणावर गोंद लावलेल्या पांढऱ्या पिशव्या
संध्याकाळपर्यंत काळ्या.

त्या पानांची तीन पोती मी बसने
एरेदियाच्या प्रयोगशाळेत नेली.
ड्रायव्हर म्हणाला, ग्रेतेल, कचऱ्याचंही तिकीट काढणार?
काढलं.

मग चिरणं, धुणं,
पुन्हा धुणं.
कॉस्टिक सोड्यात उकळली तेव्हा सगळ्या मजल्यावर
ओल्या गोणपाटाचा वास.
पानाचा हिरवेपणा गेला, मग ताठा गेला,
उरला वाख.
तोही विरंजनात पांढरा झाला, कापसाच्या जवळपास.
पोत्याची मूठ झाली.
पण मला हवं होतं ते त्या मुठीच्याही आत होतं,
केसाच्या रुंदीत पाच हजार
शेजारी शेजारी झोपतील, एवढं.

ते काम आम्लाचं.
पंचेचाळीस अंश, पंचेचाळीस मिनिटं.
तंतूतलं जे ढिलं ते खा,
जे ओळीत उभं आहे त्याला हात लावू नकोस:
एवढंच त्याला सांगायचं
आणि वेळेवर बर्फाचं पाणी ओतायचं,
कारण ते ऐकत नाही.

चाळिसाव्या मिनिटाला बाबांचा फोन.
तांबडीचं वासरू गेलं.
म्हणाले, माशांनीच असं नाही,
पण माशाही होत्या.
मी किती वेळ ऐकत राहिले कोण जाणे.
परतले तर भांड्यात काकवी.
सहा आठवडे, आणि जळक्या साखरेचा दर्प.

हानियाबाई ओरडल्या नाहीत.
भांड्यावर तारीख लिहिली,
खाली एक शब्द: पुन्हा.

पुन्हा म्हणजे पुन्हा बस, पुन्हा पोती.
या खेपेला फोन कपाटात.
नंतर पडद्याच्या नळीत भरून
चार दिवस नुसत्या पाण्यात ठेवायचं,
आंबटपणा एकेक थेंबानं सोडून जाईपर्यंत.
रविवारी एक लहान बाटली घेऊन घरी गेले.

बाबांनी ती हलवली. म्हणाले, पाणी आहे.
मी जुन्या गॉगलच्या दोन काचा काढल्या,
एक उभी, एक आडवी,
मध्ये बाटली.
पाण्यात रंग चालू लागले,
भुंग्याच्या पाठीवर असतात तसे,
हलवलं की वळणारे, थांबलं की विझणारे.
बराच वेळ बघत बसले.

मग विचारलं, बाकीचं कुठे गेलं?
बाकीचं काळं पाणी, मी म्हटलं, पिंपात भरून ठेवलंय.
त्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही.
आणि माशीला काय होतं यानं?
काही नाही.
पानं शेतातून उचलली तरच काही होईल,
आणि सगळी उचलायला कोण येणार, हे मला माहीत नाही.

त्यांनी अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेतला.
कॉफी निवली, थेंब वाळला.
दुसऱ्या नखानं कड उचलली,
आख्खा पापुद्रा सुटून आला.
"साय," म्हणाले.
चाळीस वर्षं दूध बघितलेला माणूस.
ओढून पाहिली. फाटेना.
"हं," म्हणाले, आणि गायींकडे गेले.

सोमवारी पहाटे फाटकाशी सात पोती बांधलेली.
शेजारच्या मळ्यातून मागून आणली
की न मागता, मी विचारलं नाही.
पोत्यांवर माशा होत्या.
काही बसमध्येही आल्या.